बोरीचं झाड, बोरीचं चाक

‘एक लादी पाव आणि पाव किलो फरसाण द्या’ असं आपण एका दमात सांगतो आणि दुकानदाराचा कधी घोटाळा होत नाही. पहिला पाव खायचा, दुसरा मोजायचा. तिसराही एक पाव मराठीत आहे, देवाला साकडं घालताना ‘पाव रे बाबा’ म्हणतो तो. तिघेही लिहायला एक, बोलायला एक, आणि तिघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही.

खायचा पाव पोर्तुगिजांबरोबर आला. त्यांच्या भाषेत तो नाकात उच्चारला जाणारा ‘पाँव’, आणि त्याचं मूळ लॅटिनमधलं ‘पानिस’. गोव्यात पाव भाजणाऱ्याला अजून ‘पोदेर’ म्हणतात, तोही पोर्तुगीज ‘पादेइरू’चाच कोंकणी अवतार. १५१०मध्ये गोवा घेणारे हे लोक १५४३मध्ये जपानच्या किनाऱ्याला लागले आणि तिथेही पाव ठेवून आले. जपानी माणूस आज पावाला ‘पान’ म्हणतो. मोजायचा पाव मात्र अस्सल घरचा. संस्कृत ‘पाद’ म्हणजे पाय. जनावराला पाय चार, म्हणून एक पाय म्हणजे चौथा हिस्सा. श्लोकाच्या चौथ्या भागालाही पादच म्हणतात. त्या पादाचा झिजत झिजत पाव झाला. पावशेर त्यातलाच, पाऊण म्हणजे पादानं ऊन, एक चतुर्थांश कमी, आणि पावणेदोनही त्याच हिशेबातलं. देवाचं पावणं ‘प्राप्’ या धातूचं. पैसे पोचले की देतात ती पावती या तिसऱ्या घरातली.

आता पावाबद्दल आपल्याकडे एक कहाणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे: बेकरीवाले पीठ पायांनी तुडवतात म्हणून त्याला पाव म्हणतात. सोवळ्याओवळ्याच्या काळात पावाकडे ज्या नजरेनं बघितलं गेलं तिचा वास या व्युत्पत्तीला येतो. गंमत अशी की पायाशी खरंखुरं नातं असलेला पाव मराठीत आहेच. फक्त तो बेकरीत नसून तराजूत आहे. लोकांनी नातं बरोबर हेरलं आणि पाव भलताच धरला.

या पुस्तकाचा विषय असा आहे: निरनिराळ्या भाषांतले, दिसायला किंवा ऐकायला सारखे शब्द, आणि त्या सारखेपणामागे काय दडलेलं असतं ते. कधी दोन शब्द एकाच पूर्वजाचे असतात. कधी एकानं दुसऱ्याकडून उसना घेतलेला असतो, तोंडावळा जुळतो पण रक्त वेगळं. आणि कधी निव्वळ योगायोग असतो. माणसाच्या तोंडातून निघणारे आवाज मोजके, भाषा हजारो, शब्द लाखो. तेव्हा असे योगायोग पुष्कळ घडणार. या तिन्हींत फरक कसा करायचा, यावरच या पुस्तकाचा सगळा भर आहे, आणि माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. सारखेपणा हा नात्याचा पुरावा नव्हे. पुरावा असतो तो नियमानं पडलेल्या फरकाचा. दोन दूरच्या भाषांतले दोन शब्द फारच हुबेहूब दिसले की जाणकार खूश होत नाही, त्याला संशय येतो.

ही विद्या युरोपात वाढली असली तरी तिची पहिली चाहूल आपल्या अंगणात लागली होती, आणि ती लागली ती मराठी वाचकाला परक्या नसलेल्या माणसाला. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९मध्ये गोव्यात आला आणि साष्टीत राहून इथल्या भाषा शिकला. इतक्या शिकला की त्यानं मराठी ओवीत ‘क्रिस्तपुराण’ रचलं, ते १६१६मध्ये रायतूरला छापलं गेलं. आणि कोंकणीचं व्याकरण लिहिलं, ते त्याच्या मृत्यूनंतर १६४०मध्ये निघालं. या स्टीफन्सनं १५८३मध्ये आपल्या भावाला पाठवलेल्या पत्रात नोंदवलं आहे की इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे. त्याच दशकात फिलिप्पो सास्सेत्ती हा फ्लॉरेन्सचा व्यापारी कोचीन-गोव्याकडे होता. सहा, सात, आठ, नऊ हे आकडे, देव आणि सर्प हे शब्द आपल्या इटालियनशी जुळतात हे त्यानं घरी कळवलं. सात म्हणजे ‘सेत्ते’, आठ म्हणजे ‘ऑत्तो’, साप म्हणजे ‘सेर्पे’. तो गोव्यातच १५८८मध्ये वारला. दोघांचीही पत्रं खाजगी. ती कुणाच्या कपाटात पडून राहिली आणि विद्वानांच्या जगात त्यांचा काही बोभाटा झाला नाही.

बोभाटा झाला तो दोनशे वर्षांनी. २ फेब्रुवारी १७८६ला कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत न्यायाधीश विल्यम जोन्सनं सांगितलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांतलं साम्य योगायोगाचं असणं शक्य नाही, या एका मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात आणि ती भाषा कदाचित आता उरलेलीही नसेल. हे वाक्य भाषाशास्त्राच्या प्रत्येक पुस्तकात असतं. त्याच जोन्सनं त्याच भाषणात इजिप्शियन, चिनी आणि जपानी लोकांनाही या गोतावळ्यात ओढलं होतं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. म्हणजे तेव्हा हातात अंदाज होता, कसोटी नव्हती. कसोटी पुढच्या पिढीत आली: डेन्मार्कचा रास्क, जर्मनीचे बॉप आणि याकोब ग्रिम. परीकथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंपैकी थोरला तो हाच.

ग्रिमनं १८२२मध्ये जे मांडलं ते मराठी माणसाला पाटी-पेन्सिलीनं करून बघता येतं. संस्कृतात शब्दाच्या सुरुवातीला ‘प’ असेल तिथे इंग्रजीत ‘फ’ येतो. पितृ आणि फादर. पंच आणि फाइव्ह. पूर्ण आणि फुल. पाद आणि फुट. पशु आणि फी! ही शेवटची जोडी बघून हसू येतं. पण जुन्या इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ गुरंढोरं असाच होता, आणि गुरं हेच जिथे धन तिथे गुरांचा शब्द पैशाला लागायला वेळ लागत नाही. ‘द’ असेल तिथे इंग्रजीत ‘ट’ येतो: दश आणि टेन, दंत आणि टूथ, द्वि आणि टू. एखादी जोडी दाखवून काही सिद्ध होत नाही. एकच बदल दहा शब्दांत, त्याच जागी, त्याच दिशेनं झालेला दिसला की मगच हातात काहीतरी लागतं. तेव्हा तराजूतला पाव आणि इंग्रजी फूटपट्टीतला फूट हे सख्खे चुलत निघाले. दोघांत एकही अक्षर समान नाही, हे लक्षात घ्या.

माझ्या मते या सगळ्याचं सर्वांत सुंदर उदाहरण सातच्या आकड्यात आहे, आणि ते बघायला गाव सोडायला नको. गावात हरिनाम सप्ताह बसतो. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, पहाटे काकडा, रात्री कीर्तन, शेवटी काल्याचा प्रसाद. त्याच गावातला माणूस पतसंस्थेत कर्जाचा हप्ता भरायला जातो. शहरात तर हप्ता म्हटलं की फेरीवाल्याच्या कपाळावर वेगळीच आठी चढते. सप्ताह आणि हप्ता, एक देवाच्या दारचा आणि एक वसुलीचा, हे एकाच पूर्वजाचे वंशज आहेत. सप्ताह संस्कृतातून सरळ आला. हप्ता फारसीतून आला. तिथे ‘हफ्त’ म्हणजे सात आणि ‘हफ्ता’ म्हणजे आठवडा. आठवड्याला द्यायची रक्कम म्हणून हप्ता, मग महिन्याला दिली तरी हप्ताच.

संस्कृतातला ‘स’ इराणी भाषांत बहुतेक ठिकाणी ‘ह’ होतो. सिंधूचा हिंदू झाला तो असाच. सोमाचा ‘हओम’ झाला. सर्वचा ‘हर’ झाला, आणि तो आपल्याकडे हरकामी, हरतऱ्हा असा परत आला. तेव्हा ‘सर्व तऱ्हा’ आणि ‘हरतऱ्हा’ यांत एकच शब्द आपण दोन वाटांनी आणला आहे. असुराचा ‘अहुर’ झाला, आणि पारशी बांधव ज्याची उपासना करतात तो अहुर मज्द म्हणजे परमेश्वर. आपल्याकडे असुर राक्षस. तिकडे राक्षस कोण? तर ‘दएव’, म्हणजे आपला देव. फारसीत ‘दीव’ म्हणजे दैत्य. ‘शाहनामा’तला रुस्तम ज्या पांढऱ्या दीवाला मारतो तो शब्दानं देवच आहे. दोन शेजाऱ्यांनी देव आणि दैत्य वाटून घेताना नावांची अदलाबदल केली. शब्द सारखा, मूळ एक आणि अर्थ उरफाटा, असा मामला जगात इतक्या ठसठशीतपणे दुसरीकडे सापडणं कठीण.

इंग्रजी ‘डेव्हिल’ मात्र यातला नाही. पुष्कळांना वाटतं की इराण्यांचा दैत्य दीवच युरोपात डेव्हिल झाला. डेव्हिलचं मूळ ग्रीक ‘दिआबोलोस’, म्हणजे चुगली-निंदा करणारा. देवाचा खरा भाऊबंद हवा असेल तर लॅटिन ‘देउस’ बघावा. आणि देउसशी इतका मिळताजुळता दिसणारा ग्रीक ‘थेऑस’, अर्थही देवच, हा त्याचा कुणीही लागत नाही. युरोपातल्या दोन थोर भाषांतले देव दिसतात जुळे आणि आहेत परके. ज्यांना ही विद्या सोपी वाटते त्यांनी या जोडीपाशी जरा थांबावं.

योगायोगाचं जगप्रसिद्ध उदाहरण ऑस्ट्रेलियाचं. उत्तर क्वीन्सलँडमधल्या म्बाबाराम या मूळनिवासी भाषेत कुत्र्याला ‘डोग’ म्हणत. इंग्रजीतून घेतला असेल असंच कुणालाही वाटेल. १९६०च्या दशकात आर. एम. डब्ल्यू. डिक्सन या अभ्यासकानं या भाषेच्या उरल्यासुरल्या जाणकारांकडून शब्द टिपले, शेजारच्या भाषांशी ताडून बघितले, आणि उलगडा झाला. शेजारी कुत्रा म्हणजे ‘गुडागा’. म्बाबाराममध्ये अशा शब्दांचं पहिलं व्यंजन गळतं, मग पहिला स्वर गळतो, शेवटचाही गळतो, आणि मधला ‘आ’ सुरुवातीच्या ‘ग’च्या प्रभावानं ‘ओ’ होतो. इतर शब्दांतही हेच घडलेलं. गुडागाचा डोग हा हिशेबानंच झाला आहे. इंग्रजांचा त्यात हात नाही.

आपल्या जवळचं उदाहरण ‘बद’चं. बदनाम, बदफैली यांतला बद आणि इंग्रजी ‘बॅड’, अर्थ एक, आवाज जवळजवळ एक. पण बद हा फारसी शब्द जुन्या फारसीत, इस्लामपूर्व काळात, ‘वद’ होता. शब्द जसजसा मागे न्यावा तसतसे दोघे दूर जातात. खऱ्या नातेवाइकांचं उलट असतं; मागे नेऊ तसे ते जवळ येतात. ‘प्राण गेला तरी बेहत्तर’ म्हणताना आपण वापरतो तो बेहत्तर आणि इंग्रजी ‘बेटर’ यांचीही हीच कथा. फारसीत ‘बेह’ म्हणजे चांगला, पूर्वी तो ‘वेह’ होता, आणि त्याला लागलेला ‘तर’ हा आपल्या उच्चतरमधला तर. इंग्रजीत तो प्रत्ययच निराळा.

इथे आपल्या मराठी परंपरेतल्या एका खोडीबद्दल बोलायला हवं. पु. ना. ओक यांची पुस्तकं एका पिढीनं मिटक्या मारत वाचली. व्हॅटिकन म्हणजे वाटिका, ख्रिश्चॅनिटी म्हणजे कृष्णनीती. वाचताना छाती फुगते हे खरं. पण व्हॅटिकन हे रोममधल्या टेकडीचं नाव ख्रिस्ताच्या आधीपासूनचं, आणि ‘ख्रिस्तोस’ म्हणजे ग्रीकमध्ये अभिषेक झालेला. हिब्रू ‘मसीहा’चं ते भाषांतर. कृष्ण म्हणजे काळा. त्याचे सगेसोयरे शोधायचे तर रशियनमधल्या ‘चोर्नी’कडे जावं लागतं, अर्थ काळा. १९८६मध्ये अणुभट्टी फुटली त्या चेर्नोबिलच्या नावात हा काळा आहे. कृष्ण आणि चेर्नोबिल हे नातं ओकांना सुचलं असतं तरी त्यांनी ते बहुधा घेतलं नसतं.

अशा जोडाजोडीला आपल्याकडे फार पूर्वीच नाव ठेवलं गेलं आहे: बादरायण संबंध. एका घरी पाहुणा उतरतो. नवऱ्याला वाटतं बायकोच्या माहेरचा, बायकोला वाटतं नवऱ्याकडचा. दोघे सरबराई करतात. निघताना विचारल्यावर तो सांगतो, ‘तुमच्या दारात बोरीचं झाड, आमच्या गाडीचं चाक बोरीच्या लाकडाचं, एवढाच आपला संबंध.’ गोष्ट सांगणाऱ्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं, पण त्यातल्या चाकाची सोयरीक खरोखर दूरवर आहे. संस्कृत चक्र आणि इंग्रजी व्हील हे एकाच शब्दाचे वंशज, आणि हे ऐकून सहसा कुणाचा विश्वास बसत नाही.

शेजारच्या भाषांतले सारखे शब्द वेगळ्या कारणानं घोटाळा करतात. तिथे मूळ एकच असतं, बहुतेक वेळा संस्कृत, पण प्रत्येक घरात ते वेगळ्या कामाला लागलेलं. हिंदीतल्या शिक्षामंत्र्यावर मराठी माणूस हसतो. विनोद आता शिळा झाला, पण अर्थ कसा घसरला ते बघण्यासारखं आहे: शिक्षा म्हणजे शिकवणं, आणि ‘थांब, तुला चांगला धडा शिकवतो’ या वाक्यात आजही मराठी शिक्षणाकडून शिक्षेकडे उडी मारतेच. हिंदी-बंगालीत उपन्यास म्हणजे कादंबरी. कन्नड आणि तेलुगूत उपन्यास म्हणजे व्याख्यान. उलट कादंबरी हा बाणभट्टाच्या नायिकेवरून आलेला शब्द मराठीत आणि कन्नडमध्ये साहित्यप्रकाराचं नाव झाला, हिंदीत ती नायिकाच राहिली.

मला यातला सगळ्यात लोभस वाटतो तो ‘संसार’. मूळ अर्थ जन्ममरणाचं सरत राहणारं चक्र. हिंदीत त्याचा अर्थ जग. मराठीत तो थेट स्वयंपाकघरात शिरला: संसार थाटायचा, संसाराला लागायचं, पावसात संसार वाहून जातो तेव्हा भांडीकुंडी वाहून जातात. समुद्रापलीकडे इंडोनेशियात ‘सेंगसारा’ म्हणजे हालअपेष्टा, आणि थाई भाषेत ‘सोंगसान’ म्हणजे कीव येणं. जग, घर, हाल, कीव. चार समाजांनी एकाच तत्त्वज्ञानाच्या शब्दाकडे बघून आपापलं मत दिलं आहे. मराठी संतांनी संसाराबद्दल जे जे म्हणून ठेवलं ते इंडोनेशियातल्या अर्थाला जास्त जवळचं. संसार करणाऱ्या बायकांनी मात्र शब्द आपल्या ताब्यात घेतला आणि त्याला घर दिलं.

कोंकणीशी तर आपलं इतकं जवळचं की फरक दिसायला डोळे बारीक करावे लागतात. गोव्यात शीत म्हणजे जेवणातला भात. आपल्याकडे शीत म्हणजे त्या भाताचा एक दाणा, शितावरून परीक्षा करायला तेवढा पुरतो.

पुस्तकाच्या मांडणीबद्दल थोडं. नोंदी अकारविल्हे लावल्या आहेत. जिथे कृ. पां. कुलकर्णींचा ‘मराठी व्युत्पत्तिकोश’ (१९४६) आणि राल्फ टर्नरचा भारतीय-आर्य भाषांचा तौलनिक कोश एकमेकांशी जुळतात तिथे मी निर्धास्तपणे लिहिलं आहे; जिथे जुळत नाहीत ती नोंदच गाळली आहे. गावांची नावं आणि आडनावं मुद्दाम घेतली नाहीत. त्यांच्या व्युत्पत्तीत अभिमान इतका मिसळलेला असतो की शब्द बाजूला राहतो आणि भांडण उरतं. लिपीमुळे जुळे झालेले शब्द मात्र घेतले आहेत. ‘नाव’ ही नोंद त्यातली. जुन्या छापील पुस्तकांत माणसाचं ते ‘नांव’ आणि पाण्यातली ती ‘नाव’ असा भेद होता. १९६२च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले आणि दोघे एकरूप झाले; आता लिंगावरून ओळखायचं. इंग्रजीतले त्यांचे चुलत, ‘नेम’ आणि ‘नेव्ही’, अजून वेगळे राहतात.

ज्या वाचकांना स्वतःच्या जोड्या सापडतील, आणि सापडतीलच, त्यांनी दोन गोष्टी कराव्यात. शब्दाचं मिळेल तेवढं जुनं रूप शोधावं. आणि तोच फरक आणखी चार शब्दांत पडलेला दिसतो का ते बघावं.

पहिली नोंद ‘अक्का’ची आहे, कारण वर्णक्रमानं ती पहिली येते. कन्नडमध्ये अक्का म्हणजे थोरली बहीण, आपल्याकडेही तेच. फिनलंडच्या भाषेत अक्का म्हणजे म्हातारी. हे वाचून कर्नाटक आणि फिनलंड यांची सोयरीक जमवायला कुणी निघणार असेल तर त्यानं आधी ‘मामा’ ही नोंद वाचावी. जॉर्जियाच्या भाषेत मामा म्हणजे बाप, इंग्रजीत आई आणि आपल्याकडे आईचा भाऊ. तान्ह्या पोरांच्या तोंडून आपोआप निघणारे हे आवाज ज्यानं त्यानं आपल्या घरातल्या हव्या त्या माणसाला चिकटवले. ती नोंद बरीच मागे, ‘म’मध्ये आहे.